उकाईचे दरवाजे आणि रात्री बाराचा सेल

इच्छापोर, सुरत
आषाढ

ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या सर्व कंपन्यांच्या तंत्रज्ञान-प्रमुखांस,



हे पत्र मुद्दाम आषाढात लिहितेय. नवरात्राच्या सेलला अजून अडीच महिने आहेत. गणपती उठले की तुमच्याकडे पत्र वाचायला कुणाला फुरसत नसते आणि आमच्याकडे लिहायला.

सुरत-हजिरा रस्त्यावरून पोलाद लादलेले ट्रेलर रात्रभर धडधडत जातात. त्याच रस्त्याला लागून इच्छापोरला आमचं दोन खोल्यांचं काम आहे. पुढच्या खोलीत साड्यांच्या थप्प्या. मागच्या खोलीत एक टेबल, थर्मल प्रिंटर, दोन मोबाइल आणि माझा भाचा. रिंग रोडच्या मार्केटातून माल उचलायचा, आसपासच्या बायकांकडून लेस आणि टिकल्या लावून घ्यायच्या, फोटो काढायचे आणि तीन अ‍ॅपवर विकायचं. माहेर नंदुरबार जिल्ह्यात, प्रकाशाजवळ. आमच्यासारखे खानदेशी सुरतेत ढिगाने आहेत; लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांतून फिरलात तर गुजरातीआधी अहिराणी कानावर पडेल. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. पण तापीचा पूर पाहिलाय, पंढरीची आषाढी पाहिलीय आणि आठ वर्षं तुमचे सेल पाहतेय. त्या भांडवलावर लिहितेय.

एका नवरात्राची गोष्ट सांगते. कुठल्या अ‍ॅपवर घडली ते सांगत नाही. नाव घेतलं की बाकीचे "आपलं नाही ना" म्हणून पत्र मिटतील. बाटलीहिरवी, जरीकाठाची एक साडी होती, ५४९ रुपयांची. नग चाळीस. तिन्ही अ‍ॅपवर शिल्लक चाळीसच दाखवलेली, कारण एरवी एकीकडे विकली की मिनिट-दोन मिनिटांत दुसरीकडचा आकडा खाली येतो. रात्री बाराला सेल उघडला. भाच्याच्या मोबाइलवर टिंग-टिंग सुरू झालं, आम्ही खूष. सव्वाबाराला टिंग-टिंग थांबलं. वाटलं, गर्दी ओसरली. ओसरली-बिसरली काही नव्हती. ऑर्डरी पडतच होत्या, फक्त त्या आमच्यापर्यंत पोचत नव्हत्या आणि आमचा कमी झालेला आकडा अ‍ॅपपर्यंत पोचत नव्हता. एक वाजता एकदाचं विक्रेत्याचं पॅनेल उघडलं तेव्हा त्या एका साडीच्या सत्त्याऐंशी ऑर्डरी उभ्या.

सकाळी मार्केट उघडायच्या आधी भाचा टेम्पो घेऊन रिंग रोडला जाऊन बसला. व्यापाऱ्याकडे त्या रंगाचे बारा नग उरले होते, ते उचलले. बावन्न साड्या गेल्या, पस्तीस ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या. रद्द केल्याचा दंड आमच्या नावावर पडला, खात्याचं रेटिंग घसरलं आणि दिवाळीपर्यंत आमच्या साड्या यादीत इतक्या खाली गेल्या की तिथवर बोट सरकवत येणारं गिऱ्हाईक विरळाच. चंद्रपूरच्या एका बाईंनी लिहिलं, "माल नसताना दुकान कशाला मांडता?" बाईंचं काही चुकलं नाही. हिरवा रंग असलेल्या दिवशी नेसायला म्हणून त्यांनी बाराच्या ठोक्याला जागून साडी घेतली होती.

नवरात्राचे नऊ रंग आधीच जाहीर झालेले असतात. कुठल्या तारखेच्या आधी कुठल्या रंगावर उडी पडणार हे आमच्याकडे लेस लावणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. ती भाद्रपदातच विचारते, "भाभी, हिरव्याची लेस जास्त मागवू ना?" एवढा अंदाज तुमच्या मशिनांना नसेल असं मला वाटत नाही. तो अंदाज त्या रात्री शिल्लक मोजणाऱ्या वहीपर्यंत पोचला नव्हता, एवढंच.

भाच्याने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. साडीचा फोटो हजार मशिनांवर ठेवता येतो. ज्याला हवा त्याने जवळच्या मशिनीवरून पाहावा. पण चाळीसपैकी किती उरल्या हे एकाच वहीत लिहावं लागतं, नाहीतर एकच साडी दोघींना विकली जाते. गर्दी वाढली की तुम्ही फोटोची मशिनं वाढवता. म्हणजे दुकानाचा दर्शनी भाग ऐसपैस झाला, मागे वही लिहिणारा मुनीम एकटाच. आणि मशिनं आपोआप वाढतात म्हणता, तीही उभी राहायला काही मिनिटं घेतात. बाराच्या ठोक्याला येणारी लाट काही सेकंदांत येते. पाहुणे ओसरीत बसल्यावर पीठ मळायला घेतल्यासारखं आहे ते.

६ ऑक्टोबर २०१४ तुमच्या धंद्यात कुणी विसरलं नसेल. फ्लिपकार्टचा पहिला बिग बिलियन डे. दहा तासांत सुमारे ६०० कोटींची विक्री, दिवसभर अडकलेली पानं, संपलेला माल, रद्द झालेल्या ऑर्डरी आणि दुसऱ्या दिवशी सचिन आणि बिन्नी बन्सल यांचं ग्राहकांना माफीचं पत्र. जवळपास ५,००० सर्व्हर लावले होते, वीसपट गर्दीची तयारी केली होती, गर्दी त्याहून जास्त आली, असं त्यांनी त्यात सरळ लिहिलं. मला त्या पत्राचं कौतुक आहे. आमच्या मार्केटात चूक कबूल करणारा व्यापारी दाखवा. पण एक विचारते. वीसपट म्हणजे कशाच्या? दिवसाच्या सरासरीच्या की पहिल्या मिनिटाच्या? आमच्या रोजच्या साठ ऑर्डरी असतात. सेलच्या दिवशी दोनशे म्हणजे साडेतीनपटही नाही, झेपेल असं वाटतं. पण त्यातल्या दीडशे पहिल्या वीस मिनिटांत येतात. सरासरीने कुठल्या नदीला पूर आलाय?

पुराचं सुरतेला सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये आम्ही अडाजणला भाड्याने राहत होतो. वर खानदेशात पाऊस कोसळत होता आणि उकाई धरण भरत आलं होतं. जागाच उरली नाही तेव्हा पाणी सोडण्यावाचून इलाज राहिला नाही, आणि सोडलं ते सुमारे ९ लाख क्यूसेकपर्यंत गेलं. सुरतेतल्या पात्राला त्याच्या निम्मंही पेलवत नाही. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसून मी शेजारच्यांचा फ्रिज तरंगत जाताना पाहिलाय. पाऊस किती पडला यावर लोक बोलत होते. जाणकार मात्र एवढंच विचारत होते, की धरणात आधीपासून जागा का मोकळी ठेवली नाही?

उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. पण पावसाळ्यात कुठल्या तारखेला किती फुटांपर्यंत भरायचं हे ठरलेलं असतं, त्याला रूल लेव्हल म्हणतात. पाणी दिसतंय, साठवायचा मोह होतोय, तरी सोडून द्यायचं आणि पोकळी राखायची. आपल्या लोकांना ती पोकळी म्हणजे नुकसान वाटतं. तुमच्या हिशेबनिसांनाही रिकामी उभी असलेली मशिनं तशीच वाटत असणार. त्यांना एकदा अडाजणला आणा, भिंतींवरच्या खुणा मी दाखवते.

आणखी एक गोष्ट तापीकडून घेण्यासारखी आहे. भुसावळजवळ हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की खालच्या गावांना निरोप जातो, मग सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाई, मग आम्ही. प्रकाशाचे दरवाजे उघडले की माझ्या भावाचा फोन येतो, "ताई, पानी निंघनं व." तो पाटबंधारे खात्यात नाही, शेतकरी आहे. वरच्याने खालच्याला सांगायचं असतं, एवढं त्याला कळतं. तुमच्याकडे आठ दिवस आधी कुठल्या रंगाला, कुठल्या किमतीला, कुठल्या पिनकोडवरून किती जणांनी साडी टोपलीत टाकून ठेवली याचा आकडा असतो. तो आम्हाला कळवता येत नाही? जाहिरातीचे पैसे भरा म्हणून मात्र दिवसात चार मेसेज येतात.

पुरात आणि सेलमध्ये एक फरक आहे, आणि तो तुमच्या विरुद्ध जातो. पाऊस कुणाच्या हातात नसतो. सेलची तारीख तुमची, वेळ तुमची, घड्याळाची उलटी मोजणी तुमची. आठ दिवस "बाराला उघडणार, बाराला उघडणार" म्हणून हाकारे घालायचे, करोडो माणसं एका सेकंदाला दारात उभी करायची आणि मग म्हणायचं, अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी झाली. अहो, बोलावली कुणी? त्यात "फक्त २ शिल्लक"ची पाटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणारे १३ प्रकार जाहीर केले, त्यात खोटी घाई लावणं पहिल्या नंबरावर आहे. माझ्या चाळीस नगांवर "२ शिल्लक" लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. नीतीचं राहू द्या, तुमच्या मशिनांच्या दृष्टीनेही तो वेडेपणा आहे. ज्या माणसाने सकाळी चहा पिता पिता घेतलं असतं त्याला तुम्ही बारा वाजून एका मिनिटाने आत ढकलता.

दरवाजे एकदम उघडू नका. महाराष्ट्राला बाराला, गुजरातला साडेबाराला, किंवा साड्या आज आणि मिक्सर उद्या. कसंही करा, पण लाट चिरा. विक्री कमी होत नाही; हिरवी साडी हवी असलेली बाई अर्ध्या तासात रंग बदलत नाही.

पान अडकलं की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. मीही दाबते. न अडकलेल्या वेळेपेक्षा अडकलेल्या वेळेला गर्दी दुप्पट होते ती अशी, आणि माणसापेक्षा अ‍ॅप जास्त उतावीळ, ते पाठीमागे आपलं आपण विचारतच राहतं. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं तेव्हा हेच उघड झालं. काही बँकांची मशिनं "व्यवहार झाला का, झाला का" असं इतक्या वेळा विचारत होती की खरे व्यवहार त्या प्रश्नांखाली दबले. मग १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नियम घातले. एका अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहायची, आणि आपोआप कापले जाणारे हप्ते गर्दीच्या तासांबाहेर कापायचे. महिन्याला दोन हजार कोटी व्यवहारांच्या घरात गेलेली व्यवस्था लोकांना "जरा दमाने" म्हणू शकते, तर तुम्हाला काय अडचण आहे? अ‍ॅपला शिकवा: उत्तर आलं नाही तर दोन सेकंद थांब, मग चार, मग आठ, आणि सगळ्यांनी एकाच ठेक्यात विचारू नका.

पैसे कापले पण ऑर्डर झाली नाही, याबद्दल रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. पाच दिवसांत पैसे परत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. चांगलं आहे. पण हिरवा दिवस पाच दिवस थांबत नाही. तीच बाई दुसऱ्यांदा पैसे भरते, मग दोन्ही ऑर्डरी लागतात, मग एक परत येते, आणि परतीचं भाडं कुणाच्या खिशातून जातं ते तुम्हाला माहीत आहे. एकाच टोपलीचं एकच बिल, बटण दहा वेळा दाबलं तरी. एवढं तर कोपऱ्यावरचा वाणी सांभाळतो.

आता पंढरपूरचं. दोन दिवसांपूर्वी भावजयीचा फोन आला, "देवाचा पलंग काढला." आषाढीच्या काही दिवस आधी विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग विधीने बाहेर काढतात. मग यात्रा सरेपर्यंत देव झोपत नाही, मंदिर चोवीस तास उघडं. काकडा, शेजारती असे वेळ खाणारे राजोपचार थांबतात. नित्यपूजा आणि नैवेद्य तेवढा चालू. देव उभ्याने थकू नये म्हणून पाठीशी कापसाचा लोड देतात. (भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, हेच आमचं लोड मॅनेजमेंट." त्याला पंढरपूरला न्यायला हवं.) यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते आणि सगळे उपचार पुन्हा सुरू.

गर्दीच्या व्यवस्थेचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. काय थांबवायचं आणि काय काही झालं तरी चालू ठेवायचं, हे गर्दी यायच्या आधी ठरलेलं आहे. ऐन एकादशीला पुजारी सभा घेत बसत नाहीत. तुमच्या अ‍ॅपवर सेलच्या रात्री "तुम्हाला हेही आवडेल", फिरणारं चक्र, नाचणारी नाणी, साडी नेसलेली हलती चित्रं, सगळे राजोपचार चालू असतात, आणि बंद पडतो तो नैवेद्य: पैसे भरायचं बटण आणि शिल्लक मोजणारी वही. पलंग काढा. आठ दिवस आधी काढा, आणि त्यानंतर नवा खिळासुद्धा ठोकू नका.

आणि बारी लावा. पंढरीला पायावर डोकं ठेवायचं असेल तर दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहायचं, जमत नसेल तर मुखदर्शन घेऊन निघायचं. कुणी चिडत नाही, कारण बारी पुढे सरकताना दिसते. इथे उधना स्टेशनला दिवाळी-छठच्या आधी युपी-बिहारला निघालेली माणसं बॅरिकेडमध्ये रांगेने बसलेली असतात. सुरत स्टेशनवर नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडीत चढताना झालेल्या रेटारेटीत माणूस दगावला, त्याआधी रांगेची किंमत कळायला हवी होती. "तुमचा नंबर ४,२१२, अंदाजे सहा मिनिटं" असं लिहा. गोल फिरणाऱ्या चकतीपेक्षा माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो.

गर्दी येते तशी जातेही, आणि जाणारी गर्दीही मारते. १० जुलै २०१९, विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत-न्यूझीलंड. हॉटस्टारवर एकाच वेळी अडीच कोटींवर माणसं सामना पाहत होती. धोनी धावबाद झाला आणि सगळ्यांनी एकदम मागे जायचं बटण दाबलं. सामन्याचं पान ओस पडलं आणि तोच लोंढा मुखपृष्ठावर धडकला. त्यांच्या इंजिनिअरांनी नंतर जाहीर व्याख्यानांत सांगितलं की त्यांनी या उलट्या लाटेचीही तयारी ठेवली होती. आमची उलटी लाट म्हणजे परतीचा माल. सेलनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी गोणीच्या गोणी येतात, प्रत्येक पुडकं उघडून व्हिडिओ काढून तक्रार ठरावीक मुदतीत टाकायची असते, आणि नेमकं तेव्हा तक्रारीचं पान अडकतं. त्या पानाला कुणी मशिनं वाढवून देत नाही, तिथे विक्री होत नाही ना! मुदत मात्र घड्याळावर चालते.

गेल्या खेपेचं आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती, त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि मोठे सेलही त्याच आठवड्यात उघडले. साड्यांना काही फरक पडला नाही, पण आमचे हजार ते अडीच हजारांच्या मधले तयार ड्रेस बारा टक्क्यांवरून पाचवर आले. त्या मध्यरात्री दर बदलायचा होता आणि त्याच मध्यरात्री पॅनेल जाम. त्यात तुमचा दोष नाही, तारीख सरकारची. पण असं पुन्हा कधीतरी होणारच, तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशी दर भरून ठेवता यावेत आणि ते बाराला आपोआप लागावेत.

आता खरी मागणी. तुम्ही सेलच्या आधी खोट्या गर्दीने चाचणी घेता हे मला माहीत आहे. चीनमध्ये अलिबाबावाले ११ नोव्हेंबरच्या आधी सगळी साखळी, अगदी पैसे भरण्यापर्यंत, खऱ्या यंत्रणेवरच खोट्या ऑर्डरी सोडून तपासतात. २०२० साली त्यांच्याकडे सेकंदाला ५ लाख ८३ हजार ऑर्डरी आल्या आणि निभावल्या. तुमची चाचणी बहुतेक गिऱ्हाइकाच्या बटणापाशी सुरू होते आणि बिलापाशी संपते. त्याच्यापुढे इच्छापोरची ही खोली आहे: पॅनेल, शिल्लक, लेबलाची पीडीएफ, आमचा प्रिंटर, संध्याकाळी सहाला येणारा पिकअपचा मुलगा आणि त्याचं स्कॅनर. तो लेबल वाचू शकला नाही तर तुमचे पाच हजार सर्व्हर माझ्या थप्पीत पडून राहतात. चाचणीत आम्हालाही घ्या. चाचणीत आणि सेलमध्ये तुमचा आकडा किती मिनिटं मागे होता हे लिहून ठेवा, आणि तेवढ्या वेळात आम्हाला रद्द कराव्या लागलेल्या ऑर्डरींचा दंड आमच्या खात्यातून उतरवा.

आणि सुरतेचं कॅलेंडर भिंतीला लावा. दिवाळी ते लाभपाचम इथलं मार्केट बंद असतं, कारागीर गावी गेलेले असतात, लेस लावणाऱ्या आमच्या बायकाही धुळ्या-नंदुरबारच्या गाड्या धरतात. त्या दिवसांत चोवीस तासांत माल काढा म्हणून तुमचं घड्याळ चालू असतं.

चाचणीची रात्र ठरली की फक्त एक दिवस आधी कळवा. खोट्या ऑर्डरी शंभर सोडा, दोनशे सोडा. लेबलाचे दोन रोल आणून ठेवलेत, इन्व्हर्टरला पाणी घातलंय आणि भाच्याला सांगून ठेवलंय की त्या रात्री उधन्याला मित्राच्या हळदीला जायचं नाही. एकच करा, त्या ऑर्डरींवर मोठ्या अक्षरात "खोटी" लिहा. नाहीतर आमच्या बायका साड्या पॅक करून मोकळ्या होतील.

आपली,
इच्छापोरची एक साडीवाली